तोंडाला घातलेले टाके

बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून वर आली, तेव्हा शिंपीणबाईला वाटलं, आपला राग तळाशीच राहिला. राग कसला राहतोय! तो तिच्याआधी घरी पोचून शेगडीपाशी बसला होता.

शिलाई मशीन, शेगडी आणि सासूची खाट, सगळं एकाच खोलीत. सासूला खाटेवरून उठता येत नव्हतं आणि सुनेला खाटेपासून लांब जाता येत नव्हतं.

"पाणी कोमट आहे गं."

बदललं.

"आता दात शिवशिवतात."

सुनेनं तोंड उघडलं, की सासू डोळे मिचकावायची. "बघ हं! पवित्र झालीयेस ना तू?"

शेवटी तिनं तोंडालाच टाके घातले. बोलायचंच नाही, म्हणजे चुकायला नको. हाक आली की उठायचं, हवं ते द्यायचं, परत मशीनवर बसायचं. ओठ मिटलेले, पण कात्री चालवताना मनातल्या मनात ती सासूला काय काय सुनवायची, ते देवालाच ठाऊक.

एके दुपारी, चर्चच्या मंडळीतल्या मुलांना शिकवणारे आजोबा सासूची विचारपूस करायला आले. निघताना शिंपिणीनं त्यांना दाराशी गाठलं.

"आजोबा, मला मंडळीत धरू नका. माझ्यावर रंग चढलाच नाही. कधी होणार मी पवित्र? मेल्यावर?"

आजोबांनी मशीनवरच्या कोटाकडे बोट केलं. "हा कुणाचा?"

"डॉक्टरांचा."

"बाह्या कुठायत?"

"लावायच्यात. पण बेतलाय त्यांच्या मापानं. दुसऱ्याला कसा देऊ?"

"तसंच आहे पोरी. देवानं आपली म्हटलं, त्याच दिवशी तू पवित्र झालीस. शिवण अजून चालू आहे, अधूनमधून उसवणंही. पुरी होशील ती त्याच्यासमोर उभी राहशील तेव्हा."

ते गेले. तिला पुरतं पटलं नव्हतं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"त्यांच्याशी बोललीस. तुझा देव माझ्यापुरताच मुका का? आधी भांडायचीस, तेव्हा निदान वाटायचं, खोलीत मीही आहे."

टाके तटातट तुटले. "ऊठसूट टोचत कोण होतं? जीव गुदमरलाय माझा या खोलीत!"

"अगंबाई, जिवंत आहे म्हणायची!" सासू म्हणाली खरी, पण तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते.

संपलं सगळं, सुनेला वाटलं. भांडण झालं की मशीन खडखडवत बसायचं, ही तिची जुनी रीत. पाय तिकडे वळलेही. पण ती खाटेपाशी येऊन उभी राहिली. माफीचा शब्द काही केल्या ओठांवर येईना. लग्न होऊन या घरात आल्यापासून तो तिनं कधी उच्चारलाच नव्हता.

"आई, चुकलं माझं. ओरडले तेही, आणि बोलले नाही तेही."

"उद्या पुन्हा ओरडशील."

"ओरडेन बहुतेक."

"मग?"

"मग पुन्हा येईन इथं, हेच सांगायला."

सासू जरा भिंतीकडे सरकली, टेकता येईल एवढी जागा झाली. सून बसली. अंग आखडून, पण बसली.