मानेने दिलेला होकार

मी एक जुना पिंजरा आहे. माझ्यात पक्षी कधी राहिले नाहीत, माणसांची डोकी राहिली. मित्रांनो, प्लोव्हदिव्ह शहरातल्या एका इस्पितळात मेंदूची चित्रं काढणारं बोगद्यासारखं यंत्र होतं. त्यात निजणाऱ्याच्या डोक्यावर मला बसवत. माझ्या तारांतून मेंदूची चाहूल यंत्राला कळे.

इतरांना ऐकू न येणारे आवाज ज्यांना ऐकू येतात, अशा स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा तिथे अभ्यास चाले. अट एकच, मान हलता कामा नये.

एकदा सेवदाआजी आली, सोबत तिची मुलगी नेवेना. म्हातारी आवाज ऐकू येण्याचं सोंग करते, असं शेजारीपाजारी म्हणत. ते खरं की खोटं, हे नेवेनाला एकदाचं कळायला हवं होतं.

आजीने गळ्यातला क्रॉस काढून दिला, मनगटावरचा, वसंतात शुभ म्हणून बांधलेला लाल-पांढरा दोरा तेवढा ठेवला. यंत्र घणघणू लागलं आणि माझ्यात तिची मान हळूच डावी-उजवीकडे झाली. आमच्या देशात मान अशी आडवी हलवूनच ‘हो’ म्हणतात.

यंत्र चालवणारा स्तामेन आत आला. “आजी, चित्र पार फिसकटलं! आत काय लग्नातला नाच चाललाय?”

“अरे, माझा भाऊ विचारतोय, ‘सेवदा, आहेस का?’ उत्तर नको द्यायला?”

“आई, मामा कधीच गेला. तिथे कोणी नाही,” नेवेना म्हणाली.

“तुला नाही गं. मला आहे.”

दुसऱ्यांदाही तेच झालं. “आता शेवटचं,” स्तामेन म्हणाला, “नाहीतर आजींना वगळावं लागेल.”

तेव्हा नेवेना आईच्या पायाशी येऊन उभी राहिली. “आई, तुझ्या पायाचा अंगठा माझ्या मुठीत आहे. मामाने विचारलं की तो हलव. तू आहेस, असं मी सांगते त्याला.”

मान हलली नाही.

“हे बघा,” नंतर डॉक्टर नेवेनाला म्हणाले, “ऐकताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच इथे जागा आहे. त्यांना खरंच ऐकू येत होतं.” आईच्या पायांत मोजे चढवायला नेवेनाला फार वेळ लागला.

त्या चित्राचं खूप कौतुक झालं. पाहुणे यायचे, मला हात लावून बघायचे.

काही वर्षांनी नेवेना एकटीच आली. कोटावर आईच्या दुखवट्याची काळी फीत होती. रुग्णांच्या नातेवाइकांचीही चित्रं काढायची होती. ती निजली. यंत्र घणघणू लागलं.

“नेवेनाताई, चित्र हललंय,” स्तामेनने बाहेरून विचारलं. “काही ऐकू आलं का?”

“नाही,” ती म्हणाली.

पण माझ्यात तिची मान हळूच डावी-उजवीकडे झाली होती.

आता नवा पिंजरा आलाय. मी तळघरात धूळ खात पडलोय, त्याचं काही नाही. मित्रांनो, कुणी म्हणालं, ‘मला हाक येते’, तर ‘तिथे कोणी नाही’ असं लगेच म्हणू नका. आधी त्याच्या पायाशी जाऊन उभे राहा.

नेवेनाचा पाय त्या दिवशी कुणीच धरला नव्हता.