वैमानिकाला दूतावास नसतो

परराष्ट्र मंत्रालयाच्या निवेदन कक्षात सगळे त्याला 'लाजाळू' म्हणत. नुसती हाक मारली तरी तो पाने मिटून घेई. देशोदेशीच्या दुःखांचे मसुदे लिहिणे हे त्याचे काम होते. भूकंपाला 'तीव्र दुःख', पुराला 'सखोल सहवेदना', आणि मित्रराष्ट्राने कुणावर बॉम्ब टाकले तर 'परिस्थितीवर आमचे लक्ष आहे'. परक्यांच्या दुःखांना शब्द पुरवता पुरवता स्वतःच्या सुखाला मात्र त्याच्यापाशी काही उरत नसे. एका वैमानिक कॅप्टनच्या मुलीला मागणी घालतानाही तो इतका अडखळला की शेवटी तीच म्हणाली, "हो, करते लग्न. आधी पाणी पी."

आणि आता तिच्याच वडिलांचे विमान पडले होते.

पडले असे लोक म्हणत. खरे तर कॅप्टनने ते दलदलीत पोटावर उतरवले होते. माणसे झाडून सगळी वाचली; एका आजोबांची कवळी तेवढी चिखलात राहिली. पण शेपटीला म्हैस जाईल एवढे भोक होते आणि त्याच्या कडा बाहेरच्या बाजूला वळल्या होत्या. प्रवाशांत उत्तरेकडल्या शेजारच्या बलाढ्य राष्ट्रातून पळून आलेला एक सेनापती होता, आणि त्याचे काय करायचे हे तिथल्या राज्यकर्त्यांनी भर सभेत सांगून ठेवले होते. शेंबड्या पोरालाही कळावे असे प्रकरण. अडचण एवढीच, की त्याच राष्ट्राशी गॅसचा करार तोंडावर आला होता.

"आतून फुटलंय ते," कॅप्टन मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवून कोचावर बसले होते. "तरी मी उतरवलं. आता तुझं खातं काय लिहितं ते बघतो. माझ्यावर ढकललंत, तर या घराची पायरी चढायची नाही."

"काका, मी फक्त मसुदा..."

"तेच म्हणतोय मी. मसुदा तुझाच असतो ना?"

दाराशी ती उभी होती. तिने पाण्याचा पेला पुढे केला. तो पेला त्याला वडिलांच्या बोलण्याहून जड गेला.

मंत्रालयाची एक जुनी रीत होती. निवेदन बाहेर जाण्यापूर्वी लांब मेजाभोवती वाचले जाई. तिथली प्रत्येक खुर्ची जगाचा एकेक तुकडा सांभाळणारी. ज्या वाक्याला कुणी हात वर करील, ते वाक्य गळे. का, असे विचारायचे नाही, तो उद्धटपणा. लाजाळू दाराशी उभा राहून वाचत असे. त्याला खुर्ची नव्हती, तेव्हा हातही नसल्यातच जमा.

"घातपाताची शक्यता नाकारता येत नाही," त्याने वाचले.

उत्तरेच्या खुर्चीचा हात वाक्य संपण्याआधीच वर होता.

"बाबांनो, ज्याच्या गॅसवर आपला चहा उकळतो," सचिवसाहेब म्हणाले, "त्याच्यावर आरोप करण्याआधी निदान चहा तरी पिऊन घ्यावा." सगळ्यांनी चहा घेतला. त्यानंतर आरोपाचा विषय निघाला नाही.

"करकोच्यांचा थवा आडवा आल्याने..."

बेटांच्या खुर्चीने हात वर केला आणि रीत मोडून कारणही सांगून टाकले. "करकोचा त्यांच्या झेंड्यावर आहे हो! तो गरीब पक्षी कशाला विमान पाडेल?"

"पश्चिमेकडून आलेल्या वादळी वाऱ्यामुळे..."

पश्चिमेचा हात.

सचिवसाहेबांनी कपाळ चोळले. "आकाशात अजून काही शिल्लक आहे का?"

"वैमानिक," उत्तरेची खुर्ची म्हणाली. "वैमानिकाला दूतावास नसतो."

मेजाभोवती सगळ्यांना हायसे वाटले. एकाने बिस्किटांची बशीही पुढे सरकवली.

"लिहा हो लाजाळू. वैमानिकाच्या चुकीमुळे."

त्याने लिहिले. अक्षर नेहमीसारखेच सुबक आले, याची त्याला शरम वाटली. मग त्याने ते वाचले, आणि वाचून झाल्यावर त्याचा उजवा हात, जणू दुसऱ्याच कुणाचा असावा तसा, हळूहळू वर गेला.

सगळे त्या हाताकडे बघत राहिले. का, असे विचारायची सोय नव्हती. कुणाच्या वतीने, असे विचारणे त्याहून वाईट. न जाणो एखादी महासत्ता निघायची.

"गाळा," सचिवसाहेब कसेबसे म्हणाले.

संध्याकाळी निवेदन बाहेर पडले. 'एका विमानाने उड्डाण केले. ते उतरले.' शेजारच्या राष्ट्राने त्यातल्या समतोलाची वाखाणणी केली.

"उतरले?" कॅप्टन कडाडले. "आपोआप? झाडावरून पान उतरतं तसं? मी उतरवलं म्हणायला काय झालं होतं?"

"दक्षिणेचा हात वर झाला असता, काका. विमानांच्या शर्यतीत त्यांचे वैमानिक आपल्यापुढे हरलेत."

कॅप्टनना हसू आले; पण बरगड्या दुखल्या म्हणून त्यांनी ते अर्ध्यावर थांबवले. "आणि भोक?"

"भोकावर कुणीच हरकत घेतली नाही. मी ते लिहिलंच नव्हतं."

"मग लिही की," ती म्हणाली. "हात कुणाचा वर होतो, ते तरी दिसेल. वेंधळ्या, एवढी सोपी चौकशी जगात कुठे होत असेल?"

वार्ताहर ऐकेनात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुरवणी निवेदन निघायचे होते. सभेतून बाहेर येताच त्याने तिला फोन लावला. पलीकडे वडीलही कान लावून असल्याचे त्यांच्या श्वासावरून कळत होते.

"वाचलंस?"

"वाचलं. 'विमानाच्या शेपटीला भोक होते.' एवढंच."

"मग? कुणाचा हात?"

"सगळ्यांचा. सचिवसाहेबांनी तर दोन्ही."

 कॅप्टननी फोन हिसकावून घेतला.

"आणि तुझा?"

"नाही, काका. मी वाक्य परत वाचत होतो. जरा मोठ्याने."

"काढून टाकलं असेल."

"हो."

"हं," कॅप्टन म्हणाले. "जेवायला ये. आणि ते वाक्य पाठ असेल, तर इथे म्हणून दाखव."