न बिघडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची कहाणी

मित्रांनो, मी जुना अ‍ॅम्प्लिफायर. मला उचलायला अजूनही दोन माणसं लागतात, आणि हल्ली घरच्यांना माझी आठवण फक्त झाडलोट करताना येते. माझं काम साधं. गाणं माझ्याकडे अगदी बारीक येतं, मी त्याला बळ देतो आणि स्पीकरकडे धाडतो. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी माझी एकेक वायर ओढून पाहिली होती. तसली माणसं आता कुठे मिळतात म्हणा.

मी आलो ते एका सुताराच्या घरी. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. माझ्या दोन्ही बाजूंचे स्पीकर त्यांनी स्वतः रंधा मारून बनवले. आल्यागेल्याला माझ्यावर हात ठेवून सांगत, "ऐका याचा आवाज. खणखणीत आहे." मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू.

आई, म्हणजे त्यांची बायको, कामं करता करता गायची. एकदा बाबांनी ओट्यापाशी माइक धरून तिचं गाणं टेपवर घेतलं. गाणं एका मोठ्या गायिकेचं, गाजलेलं. आई ते खालच्या पट्टीत गायली आणि दुसऱ्या कडव्यात मध्येच थांबून म्हणाली, "अहो, दूध बघा, उतू जाईल." टेप झिजली तेव्हा मुलीने ते कॉम्प्युटरवर उतरवलं; त्यानंतर टेप तुटलीच. मग आई गेली. आता तिचा आवाज या घरात तेवढाच उरला होता. बाबा रोज संध्याकाळी ते लावत, दुधापाशी हसत आणि मग जेवायला उठत. मुलगी कधी आली, तर गाणं सुरू होताच खोलीबाहेर जाई. तिला ऐकवत नसे.

पुढे बाबांचे गुडघे गेले आणि कॉम्प्युटरही रडतखडत चालू लागला. मुलगी म्हणाली, "बाबा, खुर्चीतून न उठता गाणी लावता येतील असं काहीतरी घेऊ." पोर जिवाला लावून घेणारी. किती दिवस ती एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर जात होती. याच्यात गाणी जास्त, त्याचा आवाज चांगला, तिसरं बाबांच्या फोनवर चालतच नाही. शेवटी साबणाच्या वडीएवढा एक डबा माझ्या डोक्यावर येऊन बसला. फोनने नुसता हुकूम सोडायचा, डब्याने इंटरनेटवरून गाणं आणायचं, वाजायचं मात्र माझ्यातूनच. मी म्हटलं, बस रे, तूही बस.

जोडणी करायला दुकानातला माणूस आला. बाबांनी त्याला विचारलं, "हिच्या आईचं गाणं येईल ना यात?"

"येईल की. सॉफ्टवेअर तुमची सगळी गाणी ओळखतं आणि स्वच्छ आवाजात आणून ठेवतं. मग जुन्या फाइलींची अडगळ कशाला?"

मुलीने पडद्यावरची नावं पाहिली. आईच्या गाण्याचं नाव होतं, पुढे बरोबरची खूण होती. तिने ते लावून पाहिलं नाही. त्या माणसाने जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं पुसलं आणि तो भंगारात द्यायला घेऊन गेला.

संध्याकाळी बाबांनी फोनवर बोट ठेवलं आणि माझ्यातून गायली ती मोठी गायिका. सॉफ्टवेअरने गाणं नावावरून ओळखलं होतं आणि आईला काढून तिला बसवलं होतं. बाबा दुसऱ्या कडव्यापर्यंत थांबले. दुधाची जागा आली, आणि तिथे व्हायोलिनं वाजत पुढे निघून गेली. त्यांनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. मित्रांनो, माझ्याकडे जे येतं तेच मी मोठं करू शकतो. त्या दिवशी मला स्वतःची फार चीड आली.

बाबांनी दुकानात फोन केला, पण कॉम्प्युटरचे केव्हाच तुकडे झाले होते. मुलीला त्यांनी चकार शब्दाने सांगितलं नाही. तिने विचारलं की म्हणत, "छान येतंय, अगदी स्वच्छ."

बऱ्याच महिन्यांनी ती त्यांच्या खुर्चीशेजारी येऊन बसली. "बाबा, आज मला आईला ऐकायचंय. आता जमेल मला."

बाबांनी फोन उपडा ठेवला. "आधी चहा टाक," ते म्हणाले.

ती आत गेली तसे ते गुडघे धरत उठले, माझ्या पाठीमागचा फ्यूज काढला आणि खिशात टाकला. तिने परत येऊन माझं बटण दाबलं. मी मुका.

"गेला वाटतं हा," बाबा म्हणाले.

"मग नवीन घेऊ ना."

"नको गं. माझेही कान गेलेत आता. मला कुठे धड ऐकू येतंय?"

सगळं ऐकू येत होतं त्यांना. जिन्यावरच्या पावलांवरून ते तिला ओळखायचे. आपण नुसतं नाव वाचलं आणि आईचा आवाज पुसला गेला, हे लेकीला कळू नये, म्हणून बाबांनी गाणं ऐकणंच सोडलं.

आता मी जिन्याखाली आहे, अंगावर रंगाचे रिकामे डबे. लोक मला बिघडलेला म्हणतात. राग येतो, पण बाबांसाठी मी ते नाव खपवून घेतो.

तर मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुनं पुसण्याआधी नुसती नावं वाचू नका. आपल्या माणसाचा आवाज लावा आणि शेवटपर्यंत ऐका. एकट्याने ऐकवत नसेल, तर कुणाचा तरी हात धरून ऐका. रडू येईल. येऊ द्या.