टाइसकाकांची टोपी

'हर्टोगिन' आगबोट तांबड्या समुद्रात खडकावर आपटून बुडाल्याची तार येऊन तीन दिवस झाले होते. आज बुडालेल्यांची नावं येणार होती.

डीवर खिडकीशी बसून बाहेर लावलेल्या छोट्या आरशात गल्ली बघत होती. शेजारची ट्राइन मांडीवर चक्की घेऊन कॉफी दळत होती. घर खायला उठतं म्हणून ती सकाळीच इकडे आली होती. दोघींचे नवरे त्याच आगबोटीच्या भट्टीत कोळसा घालायचे.

"चौदा वर्षं बटाव्हियाला जात होती," ट्राइन म्हणाली. "एकदा वाळूत रुतली, एकदा बॉयलर फुटला, पण बुडाली नाही. माझा योरिस म्हणायचा, ही म्हातारी सगळ्यांना पोचवूनच मरणार."

"कुठं पोचवून, ते नाही सांगितलं मेल्यानं!" डीवर म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

आरशात काळा कोट दिसला. टाइसकाका. गावात कुणी गेलं की दारोदार वर्दी देणं हे त्यांचं काम. दार उघडलं की ते टोपी काढत, नाव सांगत, टोपी घालत आणि पुढचं दार धरत.

"कुठं आहेत गं?"

"सुताराच्या दारात... निघाले... पाववाल्याकडे थांबले नाहीत..."

पावलं जवळ आली, थांबली. थाप पडली ती शेजारच्या दारावर. ट्राइनच्या.

"देवा, तुझे उपकार!" डीवरच्या तोंडून निघून गेलं.

मागं चक्कीचा आवाज थांबला. डीवरला मान वळवायचा धीर होईना.

शेजारी दार उघडायला कुणी नव्हतं. पुन्हा एकदा थाप, मग पावलं, आणि मग थाप इथं.

डीवरनं दार उघडलं. टाइसकाकांनी टोपी काढली. तिच्या खांद्यावरून त्यांनी आत पाहिलं.

"ट्राइन, पोरी... योरिस."

ट्राइन रडली नाही. चक्की खाली ठेवून तिनं डीवरकडे पाहिलं. "ऐकलं बाई तुझं देवानं," ती म्हणाली. "जा काका. पुढं बरीच दारं असतील."

काका जागचे हलले नाहीत; आता ते डीवरकडे बघत होते. टोपी अजून त्यांच्या हातातच होती.