नाल्याकाठचा हिरवा घास

मित्रांनो, मला ओळखलेत का? मोठ्या चाकाला दोन पाती, समोर चारा सरकवायची पन्हळ. मी कडबाकुट्टी, आता वय झालेली. धुळ्याच्या एका कारखान्यात ओतीव लोखंडातून घडले आणि १९८२ साली अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात, हिलाल आबांच्या गोठ्यात आले.

आबा पन्हळीत पेंढी सरकवायचे, त्यांची बायको भागाबाई माझे चाक फिरवायची. कुट्टी गव्हाणीत पडली की तिन्ही म्हशी मान वर काढत नसत. गावकरी मला मुद्दाम पाहायला येत, तेव्हा मला फार बरे वाटे.

पुढे नाल्याच्या वरच्या अंगाला एक भट्टी सुरू झाली. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवत. काळा धूर शेतावर उतरे, बॅटऱ्या धुतलेले पाणी नाल्यात जाई. गावाचे सांडपाणीही त्याच नाल्यात. त्याच पाण्यावर आबांनी लसूणघास केला. तो असा तरारला, की आबांनी शेजारच्या चुडामणभाऊलाही हौसेने भारे दिले.

१९९१च्या फेब्रुवारीत थोरली म्हैस करकरा दात खाऊ लागली. मग तिला दिसेनासे झाले. ती भिंतीला कपाळ लावून उभी राही, जणू भिंत ढकलायची आहे. तिसऱ्या दिवशी ती गेली. आठवड्याभरात दुसरीही गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी माती, घास आणि मेलेल्या म्हशीच्या यकृताचा तुकडा तपासायला पाठवला.

तीन आठवड्यांनी डॉक्टर तपासणीचा कागद घेऊन आले.

“आबा, घासात शिसे सापडले आहे. मातीतही आहे, म्हशीच्या यकृतातही.”

आबांनी घासाची एक काडी उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, “डॉक्टर, घास तं इतला हिरवा शे. त्यामा विष कसं?”

“सांडपाण्याने मातीला खत मिळाले, म्हणून तो हिरवा आहे. शिसे रंगावरून कळत नाही.”

मित्रांनो, तो घास माझ्याच पात्यांनी कापला होता. रोज दोन वेळा. मीच तो बारीक करून त्यांच्यापुढे टाकला होता.

भागाबाई खाली बसली. “चुडामणभाऊनी गाय बी तोच घास खाई राहिनी,” ती हळूच म्हणाली. “गाभण शे ती.”

आबा अनवाणीच शेजारी गेले. मधल्या कुडातून मला सगळे ऐकू आले. “भाऊ, मना घास तुनी गायले चारू नको. त्यामा शिसं शे. माले माहीत नव्हतं, पण दिधा मीच.”

चुडामणभाऊने गव्हाणीतला घास ओढून बाहेर काढला. “चाला आबा,” तो म्हणाला, “आते भट्टीवर जाऊ.”

डॉक्टरांचा कागद घेऊन निम्मे गाव निघाले. चार महिने सरकारी कचेऱ्यांत खेटे घातल्यावर भट्टी बंद झाली. गाय वाचली, वासरू मेलेलेच जन्मले. आबा आणि चुडामणभाऊने मिळून ते पुरले. नाल्याकाठच्या शेतात आबांनी पुन्हा कधी चारा पेरला नाही. मातीतले शिसे वर्षानुवर्षे जात नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

तो कागद आल्यावर दोन महिने मला कुणी हात लावला नाही. मग भागाबाईने माझी पाती घासून काढली आणि उरलेल्या एका म्हशीसाठी लांबच्या मळ्यातला कडबा आणला.

मित्रांनो, मला पाती आहेत, जीभ नाही. तुम्ही जे सरकवाल, ते मी कापणार. म्हणून पेंढी उचलण्याआधी ती कुठे उगवली, कोणते पाणी प्याली, तिच्यावर कसला धूर बसला, एवढे विचारत जा. मुके जनावर ते विचारू शकत नाही. ते तुमच्या हाताकडे बघते आणि खाते.