बाईंच्या डोळ्याचा रंग

त्यांना सगळे डोळेवालेच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. ज्याचा डोळा गेला त्याला खोटा डोळा करून द्यायचा, तोही असा की समोरच्याला शंकासुद्धा येऊ नये. दुसऱ्या मजल्यावर दीड खोली होती. अर्ध्या खोलीत साचे आणि पॉलिशचं यंत्र, मोठ्या खोलीत खिडकी आणि खिडकीसमोर खुर्ची. आलेल्या माणसाला तिथे बसवायचं आणि त्याच्या शाबूत डोळ्याकडे बघत बघत नव्या डोळ्याचं बुबुळ रंगवायचं. चार तास सहज जात.

ज्याला इतका वेळ बसता येत नसे त्याचा ते फोटो काढून ठेवत. सोळा वर्षं जुना कॉम्प्युटर, त्यात तेवढंच जुनं फोटोचं सॉफ्टवेअर आणि शेजारी खोकत चालणारा प्रिंटर. पण या तिघांचं त्यांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून असं जमवलं होतं, की डोळ्यातला तपकिरी आणि कागदावरचा तपकिरी यांत केसाचाही फरक राहत नसे.

जुन्या कॅमेऱ्याने मान टाकली तेव्हा लेकीने नवा आणून दिला. "बाबा, रॉमध्ये काढत जा," ती म्हणाली. "कॅमेऱ्याला दिसलेलं सगळं त्यात राहतं. काही म्हणता काही गमावत नाही." डोळेवाल्यांनी तेवढं पक्कं लक्षात ठेवलं.

त्याच महिन्यात बाई आल्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, सोबत धाकटा भाऊ. नऊ वर्षांच्या असताना डावा डोळा गेला आणि तेव्हापासून तिथे कुणीतरी डब्यातून निवडून दिलेला काळाकुट्ट तयार डोळा होता.

"मागच्या बाकावरच्या मुलांना वाटायचं, मी त्यांच्याकडेच बघतेय," बाई म्हणाल्या. "शिस्त फुकटात मिळाली." मग उजव्या डोळ्यावर हात ठेवत म्हणाल्या, "आता हाही काढायचाय. दिसत तर नाहीच, वर ठणका. डॉक्टर म्हणतात, ठेवण्यात अर्थ नाही. तुम्ही दोन्ही करा, पण माझ्या रंगाचे. जन्मभर एक डोळा उसना वापरला, आता पुरे."

डोळेवाल्यांनी मापं घेतली आणि सोमवारी सकाळी रंगवायला बसू असं ठरवलं. शनिवारी दुपारी भावाचा फोन आला. रात्रभर बाई तळमळल्या होत्या आणि ऑपरेशन तासाभरात होणार होतं. डोळेवाले कॅमेरा उचलून धावले. निघताना नमुन्याच्या चकत्यांचा डबा टेबलावर दिसला होता. शंभरेक छटा त्यांनी त्यात हाताने रंगवून ठेवल्या होत्या. पण कॅमेरा आहे की, असं म्हणून डबा तिथेच राहिला. नर्सने दहा मिनिटं दिली. बाईंना उजेड सोसत नव्हता, तरी दात आवळून त्यांनी डोळा उघडा धरला. अकरा फोटो झाले.

जखम भरायला सहा आठवडे लागतात, तोवर घाई नव्हती. सातव्या आठवड्यात डोळेवाल्यांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर ओळ आली, ही फाइल ओळखता येत नाही. दुसरी उघडली, तीच ओळ. अकराही फोटोंना तेच उत्तर.

खालच्या मजल्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा लॅपटॉप घेऊन वर आला. त्याने बघितलं आणि मान हलवली.

"काका, तुमचं सॉफ्टवेअर या कॅमेऱ्याच्या जन्माआधीचं आहे. प्रत्येक कॅमेऱ्याची रॉ फाइल वेगळी असते. याला ही कशी वाचता येणार?"

"मग नवीन घाल."

"नवीन या मशीनवर चढणार नाही. मशीन बदललं तर हा प्रिंटर चालणार नाही. एकाला हात लावला की तिघेही जातील."

त्याने फोटो आपल्या लॅपटॉपवर उघडले. बाईंचा डोळा पडद्यावर आला तेव्हा डोळेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. मधाच्या रंगाचं बुबुळ होतं. मग दुरुस्तीवाल्याने, खात्रीसाठी म्हणून, तोच फोटो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. त्यात बुबुळ राखाडी झालं, कडेला हिरवट झाक. फाइलचा प्रकार बदलून ती जुन्या कॉम्प्युटरवर नेली, तर विटकरी. आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर पाहिलं, तर जवळजवळ कॉफी.

"यातला खरा कोणता?"

"तसा खरा नसतोच काका. रॉमध्ये नुसते आकडे असतात. कुठल्या आकड्याला नेमका कुठला रंग द्यायचा ते ज्याचं त्याचं सॉफ्टवेअर ठरवतं. शेजारी रंगाचं कार्ड धरलं असतं तर त्यावरून जुळवता आलं असतं. पांढरा कागद असता तरी चाललं असतं."

"डोळ्यातलं पांढरं आहे की."

दुरुस्तीवाल्याने फोटो मोठा केला. पांढरं कुठेच नव्हतं. सगळा डोळा लालभडक झाला होता.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, सगळं आहेच त्यात." आहे, पण कुणाला विचारायचं? डोळेवाले चकत्यांचा डबा आणि कॅमेरा घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली चकत्यांचे फोटो काढता आले असते, तर काहीतरी धागा लागला असता. ती खोली आता नव्याने रंगवलेली होती, दिवेही बदललेले. नर्सने त्यांना बसायला स्टूल दिलं. ते थोडा वेळ बसले आणि परत आले.

शेवटी त्यांनी बाईंनाच बोलावलं. बाई भावाच्या दंडाला धरून जिना चढून आल्या. दोन्ही डोळ्यांवर काळा चष्मा होता. डोळेवाल्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

भावाने जुना अल्बम आणला होता. सगळ्या फोटोंत बाईंना रंगीत काचांचा चष्मा, आणि नव्हता तिथे डोळा मोहरीएवढा.

"तपकिरी होता," भाऊ म्हणाला. "म्हणजे तपकिरीच. सगळ्यांचा असतो तसा."

"पन्नास वर्षं एका छपराखाली काढली याने," बाई म्हणाल्या, "आणि हे याचं उत्तर."

भाऊ खाली बघत राहिला. "ताई, तुझ्या डोळ्याकडे बघायचं मी टाळायचो. तुला वाईट वाटेल म्हणून."

डोळेवाल्यांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय आठवतं?"

"आरशात माझं लक्ष आधी दुसऱ्यावरच जायचं. तो सरळ बसलाय ना, एवढंच बघायचे. उजव्याकडे बघायचं राहूनच गेलं." त्यांनी मान डोळेवाल्यांच्या आवाजाच्या दिशेला वळवली. "तुम्ही पहिल्या दिवशी समोर बसला होतात की. तुम्हाला काय आठवतं?"

डोळेवाल्यांनी आठवून पाहिलं. बाईंच्या हनुवटीवरचा तीळ आठवला. मापाची पट्टी लावल्यावर त्यांनी श्वास रोखला होता, तो आठवला. रंग तर सोमवारी बघायचाच होता.

"नाही आठवत बाई," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला असं सांगायची त्यांच्यावर पहिलीच वेळ होती.

"मग तुमच्या हाताला जमेल तसा करा. दोन्ही निदान एकमेकांसारखे तरी होतील."

त्यांनी तीन दिवस घेतले. एकदा मधाच्या रंगाकडे झुकले, ते पुसलं, मग हिरवट झाक आणली आणि तीही अर्धी पुसली. सुबक काम झालं. इतकी जुळती जोडी त्यांनी आजवर केली नव्हती. केलेली सगळी कामं एकेका डोळ्याचीच होती.

बसवून झाल्यावर भाऊ बराच वेळ बघत राहिला.

"छान दिसतंय ताई."

"छान आहे का, ते मी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या, पण रागाने नाही. त्यांनी बोटांनी पापण्या चाचपल्या आणि विचारलं, "शेवटी कोणता धरलात?"

"मधला. मधाचा आणि हिरवट, त्या दोघांमधला."

"आणि तो माझा होता?"

"सांगता येत नाही."

बाईंनी मान हलवली आणि पर्समधला काळा चष्मा काढला. तो लावावा की नाही, याचा त्या क्षणभर विचार करत होत्या. मग चष्मा हातातच धरून त्या उठल्या. भाऊ एकेक पायरी मोजत त्यांना खाली नेऊ लागला. डोळेवाले कठड्याला धरून वरून बघत उभे होते. पण आता बाईंची फक्त पाठ दिसत होती.