कुर्बान कटरचा खांब

मित्रांनो, खांब म्हटलं की तुम्हाला विजेचा आठवतो, नाही तर मांडवाचा. मी त्यातला नव्हे. मी अकोल्याच्या एका जुन्या जिनिंगच्या आवारातला गोलचा खांब आहे. डावीकडचा, सागवानी. माझं वय विचारू नका. ज्यांनी मला इथं गाडलं त्यांची नातवंडं आता मोटारसायकलवर येतात आणि गाडी माझ्याच अंगाला टेकवून ठेवतात. ती पडली की शिव्याही मलाच देतात.

जन्माने मी मेळघाटचा. कापूस ठेवायच्या शेडला तुळई म्हणून मला आणलं. पुढे शेडवर टिनं आली तेव्हा मला आणि माझ्या जोडीदाराला काढून कोपऱ्यात टाकलं. जिनिंगच्या कामगारांना संध्याकाळी फुटबॉलचा भारी नाद. त्यांनी आम्हा दोघांना उचललं, काळ्या मातीत खड्डे खणले, दगड-चुना भरला आणि उभं केलं. हंगामात इथं कापसाच्या गंज्या आणि बैलबंड्यांची रांग असायची. होळीच्या सुमारास कापूस संपला की मैदान खेळणाऱ्यांचं. माझा जोडीदार आता नाही. कोणीतरी लग्नाच्या मांडवासाठी दोन दिवस म्हणून नेला आणि आणलाच नाही. त्याच्या जागी लोखंडी पाइप आहे. आमचं फारसं जमत नाही.

पण मला कुर्बानची गोष्ट सांगायची आहे. तो गेला तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही.

कुर्बान चरखीवर कामाला होता, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर. भुवयांवर रुईचे तंतू घेऊन तसाच मैदानात यायचा. खेळायचा बॅक. बॅकने गोल करायचा नसतो, दुसऱ्याला करू द्यायचा नसतो. अशा माणसाची तारीफ कमी होते आणि चूक मात्र गावभर होते. सामन्याआधी तो येऊन माझ्यावर पाठ घासायचा, बिस्मिल्ला म्हणायचा आणि पुढे जाऊन उभा राहायचा. मग समोरून कोणीही येवो, कुर्बान घसरत जाऊन चेंडू काढून घ्यायचा. मला त्याचा फार अभिमान होता. का नसावा? तो असला की माझ्यापर्यंत चेंडू पोचायचाच नाही.

एका वर्षी फायनल अमरावतीच्या संघाशी होती. त्यांचा फॉरवर्ड चंद्रभान. अमरावतीला कॉलेजात शिकायचा, पण मूळचा आमच्याच बाजूचा. अमरावती रस्त्यावरच्या एका खेड्यातला, घरी काळ्या मातीची चांगली जमीन. धावायला लागला की त्याचे पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. फायनलच्या आदल्या दिवशी धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारायची आमच्याकडे पद्धत होती. त्या वर्षी पाणी जरा जास्तच पडलं. काळी माती, वरून वाळलेली आणि आतून चिकण.

सामना संपत आला होता. चंद्रभान चेंडू घेऊन सरळ माझ्याकडे आला. कुर्बान आडवा घसरला. 'सर्रर' असा घसरण्याचा आवाज आला आणि लगेच दुसरा आवाज. मी लाकूड आहे बाप्पा. मोडण्याचा आवाज मला कोणी समजावून सांगायला नको. चंद्रभानचा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळला होता.

आता तुम्ही विचाराल, कुर्बान चेंडूवर गेला होता की पायावर? मित्रांनो, मी दोन हातांवर होतो. मलाही सांगता येत नाही.

चंद्रभानला बाजेवर घालून नेलं. कुर्बान उभा राहिला, दोन पावलं त्याच्यामागे गेला आणि थांबला. तेवढ्यात लोक मैदानात घुसले. आपण जिंकलो होतो ना! त्यांनी कुर्बानला खांद्यावर घेतलं. कोणीतरी ओरडलं, 'कुर्बान कटर!' आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं. मी त्याचं तोंड पाहिलं होतं. खांद्यावर बसलेला माणूस असा दिसत नाही.

त्यानंतर त्याची कीर्ती फार वाढली. फॉरवर्ड समोर आले की आपोआप चेंडू सोडून द्यायचे. लोक टाळ्या वाजवायचे. मला ती टाळी आवडेनाशी झाली, कारण त्याला आता काहीच करावं लागत नव्हतं, नुसतं उभं राहावं लागे. आणि दुपारी मैदान रिकामं असलं की तो एकटाच यायचा. चंद्रभान पडला त्या जागी धावत यायचा, तिथंच घसरायचा आणि मातीत बसून राहायचा. पुन्हा उठायचा, पुन्हा घसरायचा. आपण त्या दिवशी कुठं पाहत होतो, हे त्याला शोधायचं होतं. एकदा माझ्यापाशी बसून म्हणाला, "मलेच नाई समजत, तर मी त्याले जाऊन सांगू काय?"

म्हणून तो चंद्रभानकडे गेला नाही. चंद्रभानचा पाय कसाबसा जुळला, पण आखूड झाला. कॉलेज सुटलं. नांगरामागे चालणं जमेना म्हणून जमीन मक्त्याने दिली आणि तो गावातच राहिला, असं लोक बोलायचे. कुर्बान ऐकायचा आणि तिथून उठून जायचा.

मग ती वर्षं आली. कापसाला भाव राहिला नाही, जिनिंग बंद पडलं, चरख्या भंगारात गेल्या. ह्या मैदानाचे प्लॉट पाडायला माणसं टेप घेऊन आली तेव्हा कुर्बान त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.  ती माणसं परत गेली. तेव्हा तो बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी मुलांना फुकट शिकवायचा. घसरून चेंडू काढायला मात्र त्याने एकालाही शिकवलं नाही. मुलांनी हट्ट केला तर चिडायचा.

आणि सकाळी पेपर घेऊन यायचा. तुम्हाला ठाऊक असेल, त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात पेपरात रोज कोणत्या ना कोणत्या गावची बातमी असायची, कर्जात बुडालेला कोणी तरी शेतकरी शेतात जाऊन परत न आल्याची. कुर्बान माझ्याशी टेकून आधी गावाचं नाव शोधायचा. कधीकधी एखाद्या नावावर त्याचं बोट थांबायचं. मग पेपर तिथंच टाकून सायकल घेऊन निघून जायचा. कुठं जायचा, ते मला कळत नव्हतं.

असाच एके दिवशी मुलांना शिकवता शिकवता तो खाली बसला आणि उठला नाही.

त्याचा जनाजा ह्याच मैदानात आणला. माणसं इतकी की मशिदीचं आवार पुरलं नसतं. नमाजाच्या ओळी लागल्या, बाजूला त्याची हिंदू मित्रमंडळी चपला हातात घेऊन उभी. त्यांच्यात काठी टेकून चंद्रभानही आला होता. सगळ्यांनी त्याला ओळखलं आणि पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. नमाजाआधी घरच्या माणसाने मेलेल्याच्या वतीने माफी मागायची रीत असते. कुर्बानचा मुलगा मोईज पुढे झाला. आधी उर्दूत बोलला, मग ह्या बाजूला वळून म्हणाला, "आमच्या अब्बानं कोनाचं मन दुखवलं असन, तर माफ करा जी."

"माफ, माफ," सगळे म्हणाले. चंद्रभानचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. तो काठी टेकत फाटकाबाहेर गेला. आणि ते हजार जणांनी पाहिलं.

घरी सुरैय्याला, म्हणजे कुर्बानच्या बायकोला, बायकांनी हे सांगितलंच. सांगणाऱ्या काय, सांगतातच. त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन नाही, असं मोईज इथं मुलांना सांगत होता. ज्याला दुखावलं त्यानेच माफ करावं लागतं, तिथं दुसऱ्याचं चालत नाही, असं ती म्हणायची. एका माणसाने माफ केलं नाही, तर आपला माणूस तिकडे कसा असेल, हेच तिला खाऊ लागलं.

इकडे माझी अवस्था तुम्हाला सांगतो. हसू नका. कुर्बान गेल्यापासून दुपारी मैदान रिकामं असलं की मला 'सर्रर' ऐकू येतं. माती हलत नाही, धूळ उडत नाही, नुसता आवाज. मग माझ्या अंगाला पाठ घासल्यासारखं होतं. डाव्या बाजूला खेळणारी मुलं तिथं फार वेळ थांबत नाहीत. उन्हात थंड लागतं म्हणतात. लोखंडी पाइपाला काही कळत नाही, त्याचं बरं आहे.

होळीच्या आधी स्पर्धा ठरली आणि फुटबॉल मंडळात वाद पेटला. सचिव शेषराव, निवृत्त मास्तर. त्यांचं म्हणणं, चषकाला कुर्बानचं नाव द्यायचं. "हे मैदान त्याच्यामुळं राहिलं. पन्नास पोरं त्यानं हातानं घडवली." दुसरे म्हणाले, "आन् एकाचा पाय मोडला, त्याचं काय? भेटाले बी गेला नाई मानूस." तिसरे म्हणाले, खेळात होतं असं. कोणी म्हणालं, "मंग त्याले कटर कोन म्हने? तुमीच ना?"  शेवटी शेषरावांनी तोड काढली. चंद्रभान हो म्हणाला तर नाव द्यायचं, नाही तर नाही.

एका सकाळी चंद्रभानला रिक्षाने मैदानावर आणलं आणि खुर्ची दिली. तो खुर्चीवर बसला नाही. माझ्यापर्यंत चालत आला आणि जिथं पडला होता ती जागा पाहत राहिला. तेवढ्यात फाटकातून मोईजबरोबर सुरैय्या आली. तिची इद्दत नुकतीच संपली होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घराबाहेर पडायचं नसतं, ती तेवढे दिवस थांबली आणि उंबऱ्याबाहेर पहिलं पाऊल टाकलं ते इकडे येण्यासाठी.

"चंद्रभानभाऊ," ती म्हणाली, "मले चषक नाई पायजे, नाव बी नाई पायजे. ज्याचं मन दुखलं, त्यानंच म्हनाव लागते. तुमी एक बार माफ म्हना. मंग मी चालली जातो."

चंद्रभानने काठी मातीत रोवली. "भाभी, पायाचं म्हनसान तर पाय मी कवाच माफ केला. मी बी खेळनारा होतो. पन तो आला नाई. एवढी वर्सं मी वाट पाहिली. ते कसं माफ करू?"

"ते येत."

"हो, येत." चंद्रभान हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "आमच्या घरासमोरच्या चायच्या टपरीवर येऊन बसे. सायकल लावे, चाय घे, माह्या ओसरीकडं पाहे आन् चालला जाय. मले समजत नाई काय? माहा पाय पाहाले येते म्हनो मी. एक दिवस नाई, कितीक दिवस."

सुरैय्याने डोक्यावरचा पदर घट्ट धरला. "पाय पाहाले नाई, भाऊ. पेपरात तुमच्या गावाचं नाव आलं, का बाजूच्या गावाचं आलं, का त्याईच्या तोंडचं पानी पळे. नाव कोनाचं हाय ते वाचाची बी हिंमत नाई होये. सायकल काढत. तुमी ओसरीवर दिसले, का घरी येऊन जेवत. नाई दिसले, त संध्याकाळपरेंत तिथंच बसत. तुमी जित्ते हा का नाई, ते पाहाले येत ते."

मित्रांनो, इतकी वर्षं ज्या सायकलचा रस्ता मला कळला नव्हता, तो तेव्हा कळला.

चंद्रभानने माझा आधार घेतला. त्याचा सगळा भार माझ्यावर आला. शेषराव पुढे झाले, पण त्याने त्यांना थांबवलं.

"तो दिसला का मी खिडकी लावून घेवो," तो म्हणाला. "मुद्दाम. त्यानं मोहरं याव, दार वाजवाव, मंग मी उघडीन, असं मनात धरून बसलो होतो. तो तिथं संध्याकाळपरेंत बसला राहे, तवा मी आतच बसून राहो, भाभी. खिडकीच्या फटीतून पाहो."

मग तो माती पाहत स्पष्ट म्हणाला, "माफ. सारं माफ."

सुरैय्या रडायला लागली. मोईजने तिला खुर्चीवर बसवलं. शेषरावांनी चष्मा पुसला आणि आता नाव नक्की झालं, असं काहीतरी बोलू लागले. चंद्रभानचं तिकडे लक्ष नव्हतं.

"माहं झालं," तो म्हणाला. "पन मले कोन माफ म्हनन?"

"मी म्हनतो ना, भाऊ," सुरैय्या म्हणाली. "त्याईच्याकून मी म्हनतो."

त्याने मान हलवली. "तुमचं नाई चालत, भाभी. तुमीच म्हनता ना, ज्याचं त्यानंच म्हनाव लागते."

  चंद्रभान काठी टेकत रिक्षाकडे गेला.

चषकाला अजून नाव पडलेलं नाही. शेषराव दर बैठकीत विषय काढतात आणि दोन्ही बाजूंचे लोक पुढच्या विषयावर जातात. दुपारचा तो आवाज थांबला का, असं तुम्ही विचाराल. नाही थांबला. चंद्रभान आता आठ-पंधरा दिवसांनी येतो, माझ्याजवळ तासभर उभा राहतो आणि ऐकतो. त्यालाही ऐकू येतं की काय, देव जाणे. विचारायला मला तोंड नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे रंग मागतात, डागडुजी मागतात. मला ते नको. मित्रांनो, खेळताना लागेल, भांडणं होतील, चूक कोणाची ते कधीकधी दोघांनाही कळणार नाही. तरी जा. काय बोलायचं ते सुचत नसलं तरी जा, आणि समोरच्या टपरीवर बसू नका. दार वाजवा. आणि तुम्ही आत असाल, तर वाजवायची वाट पाहू नका.

तुम्हाला तोंड आहे, हात आहेत, पाय आहेत. खांब मी आहे.